ताणला जाणारा तक्ता : वेबपृष्ठाच्या मांडणीतील एक जुना दोष, त्याची कारणे आणि उपाय

निवडणुकीचा निकाल, परीक्षेचे वेळापत्रक, फेरीबोटींच्या वेळा, बाजारभाव, अर्थसंकल्पातील तरतुदी, अशा मजकुरात वाचकाला आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असतात आणि त्यासाठी तक्त्याला पर्याय नसतो. छापील पानावर तक्त्याचे माप आधी ठरते व मजकूर त्यात बसवला जातो. वेबपृष्ठावर बहुधा उलटे घडते. मजकूर आधी येतो आणि तक्ता त्याच्या मापाने फुगतो. संगणकाच्या रुंद पडद्यावर नीटनेटका दिसणारा तक्ता मोबाइलवर पानाच्या उजव्या कडेबाहेर जातो, शेवटचा रकाना अर्धा कापला जातो, कधी सगळे पानच डावी-उजवीकडे सरकू लागते. या दोषाला ‘तक्ता ताणला जाणे’ असे म्हटले जाते.

दोष दिसायला किरकोळ असला तरी त्याची झळ थेट वाचकाला पोहोचते. तक्त्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा बहुधा शेवटच्या रकान्यात असतो : मताधिक्य, एकूण गुण, अंतिम दर, अर्जाची शेवटची तारीख. पडद्याबाहेर जातो तो नेमका हाच रकाना. पुढे आणखी काही आहे, याची खूण नसेल तर वाचक अर्धाच तक्ता पूर्ण समजून वाचतो. हा दोष का उद्भवतो, तो कसा ओळखावा आणि कोणत्या क्रमाने दूर करावा, याची माहिती या लेखात दिली आहे. लेखातील तांत्रिक संज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या असून प्रत्यक्ष कोडमध्ये त्या रोमन लिपीत लिहाव्या लागतात.

तक्त्याचा पूर्वेतिहास

वेबपृष्ठांवर तक्ते दाखवण्याची सोय १९९५ साली नेटस्केप ब्राउझरच्या १.१ या आवृत्तीने लोकप्रिय केली. मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांनी लिहिलेला ‘आरएफसी १९४२’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. तक्त्याच्या रकान्यांची रुंदी ब्राउझरने कशी मोजावी, याची पद्धत त्यात सविस्तर सांगितली होती. जानेवारी १९९७ मध्ये ‘एचटीएमएल ३.२’ या प्रमाणकात तक्त्यांना अधिकृत स्थान मिळाले.

त्या काळी पानाची मांडणी करण्यासाठी दुसरे खात्रीचे साधन नव्हते. त्यामुळे आकड्यांसाठी आलेला तक्ता साऱ्या पानाचा सांगाडा बनला. डावीकडे अनुक्रमणिका, मधोमध मजकूर, उजवीकडे जाहिरात असे पानाचे भाग तक्त्याच्या कप्प्यांत बसवले जात. कप्पे आक्रसू नयेत म्हणून त्यांत एक पिक्सेल मापाचे पारदर्शक चित्र ताणून ठेवण्याची युक्तीही रूढ होती. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ या पुस्तकामुळे ही शैली सर्वदूर पोहोचली. मे १९९८ मध्ये आलेल्या ‘सीएसएस २’ या प्रमाणकाने रकान्यांची रुंदी ठरवण्याच्या दोन पद्धती नावानिशी सांगितल्या : स्वयंचलित आणि स्थिर. पानाचा सांगाडा म्हणून तक्ता वापरण्याची रीत पुढे मागे पडली आणि तक्ता आपल्या मूळ कामाकडे परतला. ईमेलने पाठवल्या जाणाऱ्या वार्तापत्रांत मात्र ही रीत दीर्घकाळ टिकून राहिली, कारण विंडोजवरील आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून संदेश दाखवण्यासाठी वर्डचे यंत्र वापरले आणि नव्या मांडणी-पद्धतींपैकी अनेक त्याला उमगत नाहीत.

रुंदी कशी ठरते

तक्ता ताणला जाण्याचे मूळ स्वयंचलित पद्धतीत आहे. वेगळी सूचना दिली नसेल तर प्रत्येक ब्राउझर हीच पद्धत वापरतो. तो प्रत्येक कप्प्यातील मजकुराची दोन मापे काढतो. पहिले किमान माप, म्हणजे मजकूर जेथे जेथे मोडता येतो तेथे सर्वत्र मोडला तर उरणारी रुंदी. साध्या मजकुरात ही रुंदी सर्वांत लांब शब्दाइतकी असते. दुसरे कमाल माप, म्हणजे मजकूर कोठेही न मोडता एकाच ओळीत ठेवला तर लागणारी रुंदी. एका रकान्यातील सर्व कप्प्यांच्या किमान मापांपैकी जे सर्वांत मोठे, ते त्या रकान्याचे किमान माप ठरते. कमाल मापाचेही तसेच.

यानंतर ब्राउझर उपलब्ध जागा पाहतो. सर्व रकान्यांची कमाल मापे जागेत मावत असतील तर तक्ता ऐसपैस बसतो. जागा कमाल आणि किमान यांच्या दरम्यान असेल तर उरलेली जागा रकान्यांत वाटली जाते व लांब वाक्ये दोन-तीन ओळींत मोडतात. परंतु जागा किमान मापांच्या बेरजेहूनही कमी असेल तर ब्राउझर मजकूर कापत नाही आणि शब्दही मोडत नाही. तो तक्ताच रुंद करतो.

येथेच अनेकांची फसगत होते. तक्त्याला शंभर टक्के रुंदी दिली किंवा एखाद्या रकान्याला साठ पिक्सेल असे माप दिले, तरी स्वयंचलित पद्धतीत ती आज्ञा नसते, विनंती असते. कप्प्यातील शब्द त्याहून लांब असेल तर शब्दाचे माप लागू होते. कप्प्याला ‘मॅक्स-विड्थ’ देऊनही खात्रीचा लाभ होत नाही, कारण तक्त्याच्या कप्प्यांवर त्या गुणधर्माचा परिणाम काय व्हावा, हे ‘सीएसएस २.१’ ने अनिर्णित ठेवले आहे. स्वयंचलित पद्धतीचा तपशीलही त्या प्रमाणकाने बंधनकारक केलेला नाही. एकच तक्ता दोन ब्राउझरांत किंचित वेगळा दिसतो, त्याचे हे एक कारण आहे.

थोडक्यात, जागा अपुरी पडली की कोणी तरी माघार घ्यावी लागते. कोणी घ्यावी हे पान तयार करणाऱ्याने सांगितले नाही, तर कोणीच घेत नाही आणि तक्ता पडद्याबाहेर जातो. पुढील सर्व उपाय म्हणजे ‘माघार कोणाची’ या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

एक नमुना

समजा, गोवा विधानसभेच्या ४० मतदारसंघांचा निकाल पाच रकान्यांत द्यायचा आहे : अनुक्रमांक, मतदारसंघ, विजयी उमेदवार, पक्ष, मताधिक्य. मोबाइलचा पडदा ३६० पिक्सेल रुंद आहे आणि पानाला दोन्ही बाजूंनी १६ पिक्सेल समास आहे. तक्त्यासाठी ३२८ पिक्सेल उरतात. कप्प्यांतील मोकळ्या जागेसह रकान्यांची किमान मापे अनुक्रमे ३०, ८०, ९५, ११० आणि ७० पिक्सेल आहेत असे मानू. बेरीज ३८५ होते. तक्ता ५७ पिक्सेल बाहेर जातो, म्हणजे मताधिक्याचा रकाना जवळजवळ पूर्ण दिसेनासा होतो.

दोष कोठे आहे? पक्षाच्या रकान्यात ‘महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष’ हे नाव पूर्ण लिहिले आहे आणि त्यातील ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्द रकान्याला ११० पिक्सेलपर्यंत ताणतो. चाळीसपैकी एका कप्प्यात जरी तो आला, तरी संपूर्ण रकाना तेवढा रुंद होतो. त्याऐवजी वर्तमानपत्रांत रूढ असलेले ‘मगो’ हे संक्षिप्त रूप वापरले, इतर पक्षांची नावेही त्याच रीतीने दिली आणि रकान्याचे किमान माप ४५ पिक्सेलवर आले, तर एकूण बेरीज ३२० होते. तक्ता ३२८ पिक्सेलमध्ये बसतो. कोडच्या एका ओळीलाही हात लावावा लागत नाही.

निदान

तक्ता ताणला गेला की तो कोणत्या घटकाने ताणला, हे आधी शोधावे. नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे असतात.

पहिले कारण न मोडणारा लांब शब्द. संकेतस्थळाचा पत्ता, ईमेल पत्ता, फाइलचे नाव, लांब सामासिक शब्द यांत मोडतात. दुसरे कारण ‘व्हाइट-स्पेस : नोरॅप’ ही सूचना. ती असेल तर संपूर्ण वाक्यच एका शब्दासारखे वागते. वर्डमधून उचलून आणलेल्या मजकुरात साध्या जागेऐवजी न मोडणारी जागा असते, तिचाही परिणाम तसाच होतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तिसरे कारण चित्र, व्हिडिओ किंवा जाहिरातीची चौकट. त्यांचे मूळ माप मोठे असेल तर कप्पा तेवढा रुंद होतो. चौथे कारण अर्जातील भरावयाच्या चौकटी, कारण त्यांना स्वतःची ठरलेली रुंदी असते. पाचवे कारण अनेक रकान्यांवर पसरलेला मथळा. त्यातील लांब शब्द खालच्या सर्व रकान्यांना ताणतो आणि दोष मात्र खालच्या आकड्यांवर येतो.

दोषी घटक शोधण्याची एक सोपी चाचणी आहे. संपूर्ण तक्त्याला तात्पुरती ‘ओव्हरफ्लो-रॅप : एनीव्हेअर’ ही सूचना द्यावी. ताण नाहीसा झाला तर दोष लांब शब्दाचा आहे. ताण कायम राहिला तर ‘नोरॅप’, चित्र किंवा भरावयाची चौकट यांच्याकडे वळावे, कारण त्यांच्यावर या सूचनेचा परिणाम होत नाही. त्यानंतर ब्राउझरच्या तपासणी-साधनात एकेक रकाना तात्पुरता काढून पाहावा. ज्याच्या जाण्याने तक्ता जागेवर येतो, त्यातच दोष आहे. ही चाचणी खऱ्या मजकुरावर करावी. ‘अबक’ असा नमुना मजकूर भरून तपासलेला तक्ता खरा निकाल येताच ताणला जातो, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

पहिला उपाय : संपादन

वरच्या नमुन्यात दिसले त्याप्रमाणे सर्वांत स्वस्त उपाय मजकूर विभागाच्या हातात असतो. ‘अनुक्रमांक’ऐवजी ‘क्र.’, ‘मिळालेली एकूण मते’ऐवजी ‘मते’ असे मथळे द्यावेत. एकक प्रत्येक कप्प्यात न लिहिता मथळ्यात एकदाच लिहावे, उदाहरणार्थ ‘रक्कम, कोटी रुपये’. सर्व ओळींत एकच मूल्य असलेला रकाना काढून ते मूल्य तक्त्याच्या शीर्षकात न्यावे. संक्षिप्त रूपे मात्र रूढच असावीत. नवी बनवली तर तक्त्याखाली त्यांचा उलगडा द्यावा. पाच रकाने मावत नसतील आणि त्यांतला एक वाचकाच्या उपयोगाचा नसेल, तर तो वगळणे हाही संपादनाचाच भाग आहे.

दुसरा उपाय : स्थिर मांडणी

तक्त्याला ‘टेबल-लेआउट : फिक्स्ड’ ही सूचना दिली की ब्राउझर सर्व कप्प्यांतील मजकूर मोजण्याचे सोडून देतो. रुंदी आधी ठरते आणि मजकूर तिच्यात बसतो. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळारी आधी रकान्याचे माप घेई व मग खिळे जुळवी, त्यातलाच हा प्रकार. मापे ठरवताना ब्राउझर प्रथम ‘कोल’ या घटकांना दिलेल्या रुंदी पाहतो, त्या नसतील तर पहिल्या आडव्या ओळीतील कप्प्यांच्या रुंदी पाहतो, आणि उरलेल्या रकान्यांत शिल्लक जागा समान वाटतो. त्यापुढच्या ओळींत काय लिहिले आहे, हे तो विचारातच घेत नाही.

या उपायात तीन चुका वारंवार होतात. पहिली, तक्त्याची स्वतःची रुंदी न देणे. रुंदी स्वयंचलित ठेवली तर स्थिर मांडणी लागूच होत नाही, म्हणून ‘विड्थ : १०० टक्के’ अशी सूचना सोबत हवीच. दुसरी, पहिल्याच ओळीत अनेक रकान्यांवर पसरलेला मथळा असणे. त्या मथळ्याची रुंदी खालच्या रकान्यांत वाटली जाते आणि हवी ती मापे मिळत नाहीत. मापे ‘कोल’ घटकांवर दिली की हा प्रश्न उद्भवत नाही. तिसरी चूक बेरजेची. रकान्यांच्या मापांची बेरीज तक्त्याच्या रुंदीहून अधिक झाली, तर स्थिर मांडणीतही तक्ता बेरजेइतका रुंद होतो. कप्प्याला पिक्सेलमध्ये रुंदी दिली असेल तर आतली मोकळी जागा तिच्यात एरवी धरलेली नसते, ती वेगळी मिळवली जाते. टक्केवारीत मापे देऊन बेरीज शंभर ठेवणे हे सोयीचे. वरील नमुन्यात ८, २४, २८, २० आणि २० टक्के अशी वाटणी केली, तर ३२८ पिक्सेलमध्ये रकाने साधारण २६, ७९, ९२, ६६ आणि ६६ पिक्सेलचे होतात.

स्थिर मांडणीचे आणखी दोन लाभ आहेत. पहिली ओळ हाती येताच ब्राउझर तक्ता काढू लागतो, सर्व मजकूर येण्याची वाट पाहत नाही. मतमोजणीच्या दिवशी आकडे मिनिटागणिक बदलतात. स्वयंचलित तक्त्यात एखाद्या आकड्यात अंक वाढला की सर्व रकाने हलतात आणि वाचकाची नजर चुकते. पानाचा देवनागरी फाँट उशिरा उतरला तरी हेच घडते, कारण नव्या फाँटमध्ये शब्दांची रुंदी वेगळी असते. स्थिर मांडणीत रकाने जागचे हलत नाहीत.

मात्र या मांडणीत न मावणारा शब्द अदृश्य होत नाही, तो शेजारच्या कप्प्यावर चढतो. त्यामुळे स्थिर मांडणीसोबत पुढचा उपाय जोडणे आवश्यक असते.

तिसरा उपाय : शब्द मोडण्याची परवानगी

शब्द मोडण्याच्या सूचना दिसायला सारख्या, पण परिणामाने वेगळ्या आहेत. ‘ओव्हरफ्लो-रॅप : ब्रेक-वर्ड’ ही सूचना शब्द मावत नसेल तेव्हा तो मोडते, परंतु किमान माप काढताना या मोडीचा हिशेब धरला जात नाही. म्हणून स्वयंचलित तक्त्यात ती दिली तरी तक्ता ताणलेलाच राहतो. ‘ओव्हरफ्लो-रॅप : एनीव्हेअर’ ही सूचना मोडीचा हिशेब किमान मापातही धरते आणि तक्ता खरोखर आक्रसतो. स्थिर मांडणीत दोन्ही चालतात. एका शब्दाच्या फरकामुळे अनेकांचे तास वाया गेलेले आहेत, म्हणून हा भेद लक्षात ठेवावा.

‘एनीव्हेअर’ सरसकट साऱ्या तक्त्याला देण्यातही धोका आहे. किमान माप एका अक्षरावर आल्यामुळे एखादा रकाना इतका अरुंद होतो की उमेदवाराचे नाव उभ्या माळेसारखे दिसू लागते. ही सूचना फक्त ज्या रकान्यात पत्ते किंवा लांब शब्द असतील त्यालाच द्यावी. ‘वर्ड-ब्रेक : ब्रेक-ऑल’ ही सूचना तर गरज नसतानाही शब्द कोठेही मोडते. वाचनीय मजकुराला ती टाळलेली बरी.

याउलट आकडे मोडू देऊ नयेत. रक्कम, तारीख, दूरध्वनी क्रमांक यांच्या रकान्याला ‘नोरॅप’ द्यावे. मोडायला योग्य ते मोडावे, अखंड राहायला हवे ते अखंड राखावे, हा विवेक रकान्यागणिक करावा लागतो.

देवनागरीची विशेष बाजू

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘ग्रामपंचायतींसाठीच्या’, ‘महानगरपालिकेतर्फे’, ‘प्रमाणपत्रधारकांना’ असे शब्द इंग्रजी मजकुरात अनेक शब्दांत विभागले जातात, मराठीत ते एकसंध राहतात. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर तपासलेला तक्ता मराठी मजकूर भरताच ताणला जातो.

यावर सौम्य संयोगचिन्ह, म्हणजे ‘सॉफ्ट हायफन’, उपयोगी पडते. ‘महाराष्ट्र’ आणि ‘वादी’ यांच्या सांध्यावर ते ठेवले तर जागा असेल तेव्हा शब्द अखंड दिसतो व जागा नसेल तेव्हा तेथेच संयोगचिन्हासह मोडतो. संयोगचिन्ह नको असेल, उदाहरणार्थ संकेतस्थळाच्या पत्त्यात, तर ‘डब्ल्यूबीआर’ हा घटक वापरावा. ‘हायफन्स : ऑटो’ ही स्वयंचलित सोय पानाची भाषा नोंदवल्याशिवाय चालत नाही. मराठीचा संकेत ‘एमआर’, कोंकणीचा ‘केओके’. भाषा नोंदवली तरी प्रत्येक ब्राउझरपाशी मराठीचे नियम असतीलच असे नाही, म्हणून महत्त्वाच्या शब्दांत सांधा हाताने दाखवणे श्रेयस्कर.

शब्द कोठेही मोडण्याची मुभा दिली असता जोडाक्षराचे काय होते, हाही प्रश्न आहे. अक्षरसमूहाच्या सीमा ठरवणाऱ्या युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार हलंतानंतर सीमा पडत असे, त्यामुळे ‘क्ष’ किंवा ‘स्त्र’ सारखे जोडाक्षर मधोमध तुटण्याचा संभव होता. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम समाविष्ट केला. जुन्या मोबाइलवर जुनेच नियम असतात, हे ध्यानात ठेवून तपासणी करावी.

चौथा उपाय : चित्रे आणि चौकटी

चित्राला ‘मॅक्स-विड्थ : १०० टक्के’ दिले की ते आपल्या चौकटीत मावते, असा सर्वसाधारण नियम आहे. स्वयंचलित तक्त्यात मात्र कप्प्याची रुंदी चित्रावर आणि चित्राची रुंदी कप्प्यावर अवलंबून राहते. हा पेच निरनिराळ्या ब्राउझरांनी निरनिराळ्या प्रकारे सोडवला आहे. स्थिर मांडणीत कप्प्याची रुंदी आधीच ठरलेली असल्याने पेच उरत नाही. भरावयाच्या चौकटींनाही स्थिर मांडणीतच ‘विड्थ : १०० टक्के’ आणि ‘बॉक्स-साइझिंग : बॉर्डर-बॉक्स’ द्यावे, म्हणजे कडा आणि आतली जागा रुंदीतच धरली जाते.

पाचवा उपाय : तक्त्यापुरती सरकपट्टी

काही तक्ते मुळातच रुंद असतात. बारा महिन्यांच्या पावसाची आकडेवारी मोबाइलच्या रुंदीत कोंबणे वाचकाच्या हिताचे नसते. अशा वेळी तक्त्याभोवती एक वेष्टन घालून त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो’ द्यावे. मग पान जागेवर राहते व तक्ताच आडवा सरकतो. पहिल्या रकान्यातील कप्प्यांना ‘पोझिशन : स्टिकी’ आणि ‘लेफ्ट : ०’ देऊन पार्श्वरंग दिला, तर आकडे सरकले तरी नावे डोळ्यांसमोर राहतात. उजवीकडे आणखी रकाने आहेत, हे सावलीने किंवा एका ओळीच्या सूचनेने दाखवावे. मोबाइलवर सरकपट्टी बहुधा लपलेली असते. माउस न वापरणाऱ्या वाचकासाठी वेष्टनाला ‘टॅबइंडेक्स’ आणि नाव द्यावे, म्हणजे ते कळफलकाने सरकवता येते. पान छापताना सरकपट्टी निरुपयोगी असते व तक्ता कापला जातो, म्हणून छपाईच्या शैलीत वेष्टनाची ही सूचना काढून टाकावी.

वेबपृष्ठांच्या सुगम्यतेविषयी २०१८ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या निकषांनुसार ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. ज्यांचा अर्थ दोन्ही दिशांच्या मांडणीवर अवलंबून आहे, अशा माहितीच्या तक्त्यांना यातून सूट आहे. ती सूट तक्त्यापुरती असते. तक्त्यामुळे भोवतालचा मजकूर सरकू लागला तर निकष मोडतो.

वेष्टन घालूनही पान सरकत राहते, असा अनुभव काही वेळा येतो. वेष्टन ‘फ्लेक्स’ किंवा ‘ग्रिड’ मांडणीत असेल तर त्या मांडणीतील घटक आपल्या मजकुराच्या किमान मापाहून लहान होत नाही आणि वेष्टनालाच ताण बसतो. फ्लेक्समधील घटकाला ‘मिन-विड्थ : ०’ द्यावे. ग्रिडमध्ये रकान्याचे माप ‘१एफआर’ऐवजी ‘मिनमॅक्स’ पद्धतीने शून्य ते ‘१एफआर’ असे द्यावे. हा दोष तक्त्याच्या बाहेर असतो, म्हणून तक्त्यात शोधून सापडत नाही.

उभा ताण

तक्ता उंचीतही ताणला जातो. संपूर्ण तक्त्याला उंची दिली असेल आणि ओळी कमी असतील, तर उरलेली उंची ओळींत वाटली जाते व दोन ओळींचा तक्ता अर्धे पान व्यापतो. उपाय साधा आहे : तक्त्याची उंची काढून टाकावी. कप्प्याला दिलेली उंची ही किमान उंची मानली जाते, त्यामुळे मजकूर वाढला तर कप्पाही वाढतो. एकच कप्पा अनेक ओळींवर पसरलेला असेल आणि त्यात मजकूर अधिक असेल, तर त्या साऱ्या ओळी फुगतात. असा मजकूर तक्त्याखालच्या टीपेत न्यावा. चित्राखाली उरणारी बारीक फट ही अक्षराच्या तळरेषेसाठी राखलेली जागा असते. चित्राला ‘डिस्प्ले : ब्लॉक’ दिले की ती जाते.

जागा वाचवण्यासाठी ओळींची उंची फार कमी करू नये. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीला पुरेशी उंची मराठीला अपुरी पडते व वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. फाँटच्या आकाराच्या साधारण दीडपट ओळ-उंची ठेवणे चांगले.

टाळावेत असे उपाय

घाईच्या वेळी काही तोडगे हाताशी येतात, पण ते दोष झाकतात. अक्षर लहान करणे हा त्यांतला पहिला. तक्ता मावतो, पण ज्येष्ठ वाचकाला तो वाचता येत नाही. दुसरा तोडगा ‘ओव्हरफ्लो : हिडन’. यामुळे पान सरकायचे थांबते, मात्र शेवटचा रकाना कायमचा नाहीसा होतो आणि तो होता हेही वाचकाला कळत नाही. तिसरा, मजकूर कापून तीन टिंबे दाखवणे. नावांच्या बाबतीत तो विशेष घातक, कारण एकाच आडनावाचे दोन उमेदवार सारखेच दिसू लागतात. चौथा तोडगा तक्त्याचे चित्र करून टाकणे. चित्रातील आकडे शोधयंत्राला सापडत नाहीत, अंध वाचकाच्या वाचन-साधनाला वाचता येत नाहीत आणि दुरुस्ती करायची झाली तर चित्र नव्याने करावे लागते.

तक्त्याच्या घटकांना ‘डिस्प्ले : ब्लॉक’ देऊन प्रत्येक ओळीचे वेगळे पत्रक करण्याची रीतही प्रचलित आहे. एकेका नोंदीची माहिती हवी असेल तेथे ती सोयीची असते. मात्र तिच्यामुळे काही ब्राउझरांत वाचन-साधनाला हा तक्ता आहे हेच उमगत नाही, आणि ओळी एकमेकींशी ताडून पाहण्याची सोयही जाते.

सर्व उपायांआधी पानाच्या शीर्षभागात ‘व्ह्यूपोर्ट’ची सूचना आहे ना, याची खात्री करावी. ती नसेल तर मोबाइल ब्राउझर पान संगणकाच्या रुंदीचे, बहुधा ९८० पिक्सेलचे, मानून आक्रसून दाखवतो आणि वरीलपैकी कोणत्याही उपायाचा परिणाम नीट तपासता येत नाही.

क्रम

ताणलेला तक्ता हाती आला की क्रम असा ठेवावा. व्ह्यूपोर्टची सूचना पाहावी, दोषी कप्पा शोधावा, मजकूर आटोपशीर करावा. तरीही मावत नसेल तर स्थिर मांडणी करून ‘कोल’ घटकांवर मापे द्यावीत, लांब शब्दांना मोडण्याची मुभा द्यावी व आकड्यांना अखंड ठेवावे. तक्ता स्वभावतः रुंद असेल तर त्याला स्वतंत्र सरकपट्टी द्यावी आणि फ्लेक्स किंवा ग्रिडमधील वेष्टनाची किमान रुंदी शून्य करावी. शेवटी खऱ्या मजकुरासह एखाद्या साध्या, अरुंद मोबाइलवर तक्ता उघडून सर्वांत उजवीकडचा आकडा वाचता येतो का, हे पाहावे. तो वाचता आला तर तक्ता दुरुस्त झाला असे समजावे.